सही न करणाऱ्यांवरही चालणारा करार

तुर्भ्याच्या एखाद्या शीतगृहात पंचविशीतला तरुण सुपरवायझर म्हणून कामाला लागतो असं समजा. भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज भरताना नॉमिनी म्हणून तो धाकट्या भावाचं नाव लिहितो. पाच वर्षांनी पाटण तालुक्यातल्या गावी त्याचं लग्न लागतं. अक्षता पडतात, सप्तपदी होते, पंगती उठतात. आणि तिकडे फाइलीतला तो कागद त्याच दिवशी निकामी होतो. तो कुणी फाडलेला नाही, त्यावर कुणी शेरा मारलेला नाही. नवरदेवालाही त्याचा पत्ता नाही.

१९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी योजनेचा हा नियम आहे. कुटुंब नसताना कुणाचंही नाव लावा, चालतं. पण लग्नाने कुटुंब झालं की आधीचं बाहेरचं नाव तत्काळ बाद, नव्याने नाव द्या. या योजनेच्या व्याख्येत बायको कुटुंबात येते, भाऊ येत नाही. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यानेही हेच सांगितलं आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तेच उतरलं. ख्रिस्ती किंवा पारशी माणसाने लग्नाआधी केलेलं मृत्युपत्रसुद्धा लग्नाने आपोआप रद्द होतं. हिंदूंचं तसं होत नाही.

आजकाल जो प्रश्न सर्रास विचारला जातो, त्याचं उत्तर शोधायला या निकामी कागदापासून सुरुवात करावी लागते. प्रश्न असा, की कायदेशीर लग्नाचा आता नेमका उपयोग काय? दोन सज्ञान माणसांनी लग्नाविना एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं. दोघं कमावती असतील तर दोघांची बँक खाती आहेत, भाडेकरार आहे, मेडिक्लेम आहे. अमेरिकेत नवरा-बायकोला एकत्र कर विवरणपत्र भरता येतं. आपल्याकडे तेही नाही, प्रत्येकाचा पॅन वेगळा आणि कर वेगळा. उलट नवऱ्याने बायकोच्या नावावर ठेवी केल्या तर त्यांचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. जोडपं हसतंखेळतं, हिंडतंफिरतं आहे तोवर कायदेशीर लग्न त्यांना रोखीने फारसं काही देत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं.

मग ते देतं कुणाला, आणि कधी? याचं उत्तर वाशीच्या एपीएमसी मार्केटात फार छान उलगडतं.

या बाजारात हापूसचे सौदे वर्षानुवर्षं रुमालाखाली झाले. विकणारा आणि घेणारा हातावर रुमाल टाकतात, त्याखाली बोटं दाबतात आणि भाव ठरतो. दोघांमध्ये व्यवहार पक्का असतो, पण शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्याला भाव कळत नाही. पुढे वाद झाला, दोघांपैकी एक गेला, की रुमालाखाली काय ठरलं होतं ते सांगणारं कुणी उरत नाही. म्हणून कोकणातल्या बागायतदाराच्या हातात शेवटी पट्टी लागते: किती पेट्या, काय भाव, किती हमाली, किती तोलाई. लग्नाविनाचं सहजीवन हे रुमालाखालच्या सौद्यासारखं असतं. ते खोटं नसतं, कच्चंही नसतं, फक्त तिसऱ्यावर बंधनकारक नसतं. आणि आयुष्यातल्या अडचणीच्या वेळी समोर नेहमी तिसराच बसलेला असतो: बँकेतला अधिकारी, तलाठी, विमा कंपनी, रुग्णालयाचं कार्यालय, माथाडी मंडळ.

माथाडी मंडळाचं उदाहरण तर मुद्दाम बघण्यासारखं आहे. पोती वाहणाऱ्या या कामगाराला एक असा मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. मसाल्याच्या किंवा दाणाबंदरच्या टोळीतल्या माणसाने सकाळपासून दहा व्यापाऱ्यांचा माल उतरवला, तर त्याची जबाबदारी नेमकी कोणावर? मुंबईतल्या मशीद बंदर, भायखळ्याच्या जुन्या बाजारांत याचं उत्तर ‘कोणावरच नाही’ असं होतं. अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांची संघटना बांधली, लढा दिला, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. कामगार मंडळाकडे नोंदवला, मालकही नोंदवला. मालकाने मजुरीवर लेव्ही भरायची, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी. ज्या व्यापाऱ्याने या कामगाराशी कधी करार केला नाही, त्याच्यावरही या नोंदीने जबाबदारी आली. कायदेशीर लग्नाचं यंत्र अगदी असंच चालतं. करार दोघांचा, पण तो पाळायचा असतो ज्यांनी सही केली नाही अशा शेकडो जणांनी.

आता वाईटातला वाईट दिवस घेऊ. पोती उतरवताना थप्पी कोसळली आणि कामगार गेला. माथाडींना १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १९६९ च्या कायद्यानेच लागू केला. त्या कायद्याने अवलंबितांची यादी आखली, आणि तिचा पहिलाच शब्द आहे विधवा. तिच्यासोबत औरस किंवा दत्तक अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई. या चौघांना आपण त्याच्या कमाईवर जगत होतो हे दाखवावं लागत नाही. नातं दाखवलं की पुरे. गंमत म्हणजे विधुराला मात्र ते सिद्ध करावं लागतं. आणि वीस वर्षं संसार केलेल्या, पण लग्न न झालेल्या जोडीदाराचं काय? ती यादीत शेवटीही नाही. तिने कितीही डबे भरून दिलेले असोत, यादीला ती दिसतच नाही.

हा माणूस बहुतेक वेळा साताऱ्याचा, सांगलीचा किंवा जुन्नरकडचा. गावाकडे दोनचार एकर जमीन. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर विधवा, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. मागे आई, बायको आणि दोन मुलं असतील तर प्रत्येकाला चौथा हिस्सा, भावाला काही नाही. बायकोला यासाठी अर्ज करून हक्क मिळवावा लागत नाही. तो नवऱ्याच्या शेवटच्या श्वासाबरोबर तिच्याकडे आलेला असतो. तलाठी सातबारावर वारसनोंद घालतो ती फक्त घडून गेलेल्या गोष्टीची. जोडीदाराला यातलं काहीही हवं असेल, तर मृत्युपत्र करावं लागतं, आणि ते नातेवाइकांच्या हरकतींसमोर टिकवावं लागतं.

‘त्यात काय, नॉमिनी लावला की झालं,’ असं बरेच जण म्हणतात. त्यांच्यासाठी एक निकाल. बाजारातल्या गाळ्यागाळ्यात भिंतीवर ‘कालनिर्णय’ लटकत असतं. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त बहुतेकांनी त्याच्याच पानावर पाहिलेला असतो. १९७३ पासून निघणाऱ्या या दिनदर्शिकेचे जनक जयंत साळगावकर २०१३ मध्ये वारले. त्यांच्या गुंतवणुकीवर नॉमिनी म्हणून ज्यांची नावं होती, ती रक्कम त्यांची की वारसांची, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा. मालक ठरतो तो मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. देशभरातल्या घरांना मुहूर्त पुरवणाऱ्या माणसाच्या मागे झालेल्या खटल्याने नॉमिनी आणि वारस यांच्यातली रेघ ठळक व्हावी, हा योगायोग विलक्षण आहे.

गाळ्याच्या आतल्या बाजूलाही पाहू. आडत्याचा धंदा उधारीवर चालतो. एखादा मोठा खरेदीदार बुडाला की आडत्याही गोत्यात, आणि देणेकरी दारात. अशा माणसासाठी १८७४ सालचा एक कायदा अजून जिवंत आहे: विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. विवाहित पुरुषाने बायकोच्या किंवा बायकोमुलांच्या हितासाठी म्हणून, तसं पॉलिसीवर नमूद करून, स्वतःचा आयुर्विमा उतरवला तर तो एक विश्वस्तनिधी होतो. त्यावर नवऱ्याचा ताबा नाही आणि त्याच्या देणेकऱ्यांचाही नाही. देणेकऱ्यांना फसवण्यासाठीच हप्ते भरले असं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. दीडशे वर्षांपूर्वी उभारलेली ही तिजोरी आहे, आणि तिच्यात पत्नीला जागा आहे, लग्नाविनाच्या जोडीदाराला नाही.

किंवा घर घ्या. सिडकोच्या माथाडी वसाहती कोपरखैरण्यात, घणसोलीत उभ्या आहेत. पन्नास लाखांचं राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये. तेच घर त्याने लग्न न केलेल्या जोडीदाराला दिलं आणि मूळ दर ५ टक्के धरला, तर अडीच लाख. स्थानिक अधिभार दोन्हीकडे वेगळे. वर, पन्नास हजारांच्या पुढची भेट नातेवाइकाकडून आली तर करमुक्त, आणि आयकर कायद्याच्या नातेवाइकांत जोडीदार नाही. मूत्रपिंड द्यायचं असेल तर १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात पती-पत्नी जवळचे नातेवाईक. बाकीच्यांना प्राधिकार समितीसमोर उभं राहून हे दान प्रेमापोटी आहे, पैशापोटी नाही, हे पटवून द्यावं लागतं. साक्षीच्या कायद्यात तर याहून नवल आहे. संसारात नवऱ्याने बायकोला जे सांगितलं ते कोर्टात उघड करण्याची सक्ती तिच्यावर, मोजके अपवाद सोडले तर, करता येत नाही, आणि लग्न संपलं तरी हे संरक्षण संपत नाही.

इतकं सगळं ज्याच्यावर अवलंबून आहे ते लग्न कायद्याच्या नजरेत होतं तरी कशाने? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह होत नाही. तो होतो विधींनी, एका पक्षाच्या रूढीप्रमाणे. आणि जिथे रूढीत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की. मुंबई राज्यात विवाहनोंदणीचा कायदा १९५३ मध्येच आला, महाराष्ट्रात १९९८ मध्ये नवा झाला. गावात ग्रामसेवक आणि नवी मुंबईत महापालिकेचं विभाग कार्यालय ही नोंद घेतं. नमुना ड, तीन साक्षीदार, लग्नपत्रिका. देशभर नोंदणी सक्तीची करा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो दिवस होता १४ फेब्रुवारी २००६. तरीही नोंदणी न केलेलं लग्न अवैध ठरत नाही. आणि २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने उलट बाजू सांगितली: विधी न करता नुसता दाखला घेतला असेल, तर हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्नच नाही. सहीने लग्न व्हायचं असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्याला तीस दिवसांची नोटीस लागते.

हा फरक किती खोल जातो ते महाराष्ट्रातल्या तीन खटल्यांत दिसतं. पहिला १९६५ चा, भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. पहिली बायको असताना दुसरं लग्न केल्याबद्दल शिक्षा झालेला हा माणूस सर्वोच्च न्यायालयातून सुटला. का, तर दुसरं लग्न गांधर्व पद्धतीचं होतं. होम नाही, सप्तपदी नाही, आणि त्यांच्याविना लग्न होण्याची रूढीही सिद्ध झाली नाही. दुसरं लग्न झालंच नाही, मग द्विभार्येचा गुन्हा कसला? पण त्याचा दुसरा अर्थ असा की ती दुसरी स्त्री कायद्याने त्याची कुणीच नव्हती. दुसरा खटला यमुनाबाई आढाव यांचा, १९८८ चा. इथे विधी रीतसर झाले होते, पण नवऱ्याची पहिली बायको हयात होती. लग्न मुळातूनच रद्दबातल, म्हणून पोटगी नाही. तिसरा २०१३ चा, बादशाह विरुद्ध ऊर्मिला गोडसे. पहिलं लग्न लपवून दुसरं करणाऱ्याला न्यायालयाने सांगितलं की स्वतःच्या लबाडीचा फायदा तुला घेता येणार नाही. पोटगीपुरती ती तुझी पत्नीच. पंचवीस वर्षांत कायद्याची नजर इतकी सरकली. पण ती सरकली पोटगीपुरती. वारसाहक्काचं दार तिथे उघडलं नाही.

लग्नाविना राहणाऱ्यांसाठी कायदा अगदीच आंधळा नाही. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासमोर पन्नास वर्षं नवरा-बायको म्हणून राहिलेल्या जोडप्याचं प्रकरण आलं; इतक्या वर्षांनी लग्नाचा पुरावा मागणं गैर, लग्न झालं असंच गृहीत धरू, असं न्यायालय म्हणालं. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याने विवाहसदृश नात्यातल्या स्त्रीला संरक्षण, निवारा, खर्ची मिळवून दिली. २००८ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने पोटगीच्या कलमातल्या ‘पत्नी’च्या व्याख्येत अशा स्त्रीला घ्यावं असा प्रस्तावही मंजूर केला होता, तो कायद्यात उतरला नाही. आणि मुलांचं म्हणाल, तर रद्दबातल लग्नातल्या अपत्यांना आईवडिलांच्या वाट्यातला हिस्सा मिळतो, हे २०२३ मध्ये पक्कं झालं.

ही वाट किती खडतर आहे ते समलिंगी जोडप्यांना विचारावं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये एका खात्याने कळवलं की शिधापत्रिकेसाठी त्यांना एका घरातले समजा. दुसऱ्याने कळवलं की त्यांना संयुक्त बँक खातं काढता येतं, एकमेकांना नॉमिनी करता येतं. एकेक हक्क, एकेक परिपत्रक. लग्न झालेल्यांना हे सगळं एका दुपारी मिळतं, आणि काय मिळालं याची यादीही कुणी वाचत नाही.

बांद्याजवळ पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात शिरलात की लग्नाचा अर्थच बदलतो. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता एक होते आणि निम्मी निम्मी दोघांची. बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही, नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला. १९६१ च्या आयकर कायद्यात तर या जोडप्यांसाठी खास कलम ५अ घातलं गेलं: पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत अर्धं अर्धं वाटून कर लावायचा. सावंतवाडीच्या बागायतदाराची बायको नवऱ्याच्या बागेची हिस्सेदार होते त्याच्या मरणानंतर. पेडण्याच्या बागायतदाराची होते लग्नाच्या दिवशी. मध्ये अंतर काही किलोमीटरचं. लग्न म्हणजे काय, हे शेवटी त्या त्या ठिकाणचा कायदा ठरवतो.

इतर देशांनी मधल्या वाटा काढून पाहिल्या. फ्रान्सने १९९९ मध्ये ‘पॅक्स’ नावाचा हलका करार आणला. त्यात जोडीदाराच्या वारशावर कर नाही, पण मृत्युपत्र नसेल तर वारसाच नाही, आणि मागे राहिलेल्याला निवृत्तिवेतन नाही. अमेरिकेत एडिथ विंडसर यांची पत्नी २००९ मध्ये वारली. केंद्र सरकार ते लग्न मानत नव्हतं म्हणून त्यांना ३,६३,०५३ डॉलरचा वारसा कर भरावा लागला. त्या लढल्या आणि २०१३ मध्ये जिंकल्या. लग्नाची किंमत इतक्या नेमक्या आकड्यात क्वचितच कळते.

जे इतकं देतं ते घेतंही. रखमाबाईंना अकराव्या वर्षी न विचारता लावलेल्या लग्नापायी १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने सुनावलं होतं: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. तुरुंगाची धमकी गेली, पण नांदायला येण्याचा हुकूम मागण्याचं कलम १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आजही आहे. घटस्फोटाला लागणारी वर्षं, हुंड्याचा जाच, जातीबाहेर लग्न करणाऱ्यांच्या घरापर्यंत पोहोचणारी तीस दिवसांची नोटीस, हाही त्याच कराराचा खर्च. तिसऱ्यावर चालणारा करार तिसऱ्याला आपल्या घरात डोकावूही देतो. हा खर्च नको म्हणणाऱ्याला वेडं म्हणायचं कारण नाही.

फक्त त्याने हिशोब नीट करावा. मृत्युपत्र, दोघांच्या नावावर घर, उपचारांबाबतचं अधिकारपत्र, विम्यावर नाव: एवढ्या कागदांनी लग्नाचा बराचसा भाग हाताने बांधता येतो. नुकसानभरपाईच्या यादीतली जागा, विधवेचं निवृत्तिवेतन, २०० रुपयांचा मुद्रांक, न बोलण्याचा हक्क, हे मात्र कोणत्याही वकिलाला दोघांच्या करारात लिहून देता येत नाही, कारण ते दोघांचं देणं नाहीच. ते समाजाने देऊ केलेलं आहे. आणि लग्न झालेल्यांनी ग्रामसेवकाकडचा दाखला काढून ठेवावा, नॉमिनीची जुनी नावं तपासावीत. ज्या दिवशी या कागदांची गरज पडते, त्या दिवशी सही करणाऱ्या दोघांपैकी एक जण नसतो.